चर्चवाले बघतात की, मग सरकार कशाला?

धारवाडच्या सुभाष रोडवर संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की दुकानांच्या पायऱ्यांवर दोन मतं हमखास कानावर येतात. एक, सरकार सगळं फुकट वाटतंय, आता गरीब उरलाय कुठे? दुसरं, गरिबांचं चर्चवाले बघतात, पण धर्म बदलला तरच. दोन्हींत तथ्य कमी आणि ठसका जास्त.

आधी सरकारचं. कर्नाटक सरकारची 'गृहलक्ष्मी' फक्त बीपीएलवाल्यांना, असं अजूनही सर्रास मानलं जातं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून अंत्योदय, बीपीएल, एपीएल अशा तिन्ही कार्डांवरची कुटुंबप्रमुख बाई महिना 2000 रुपयांना पात्र आहे. ती किंवा तिचा नवरा प्राप्तिकर किंवा जीएसटी भरत असेल, तर मात्र नाही. धर्माचा यात संबंधच नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे. कार्डावर प्रमुख म्हणून अजून सासूचं नाव असतं, खातं आधारला जोडलेलं नसतं. भांडी घासून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे रेशन दुकानातलं यंत्र ओळख पटवत नाही. मावशी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवतात, मागची रांग चुळबुळते. कागदावर सगळं मंजूर असतं, आणि घरात तेल नसतं.

ही मधली फट चर्च भरून काढू शकतं. कॅथलिक चर्चांमधून काम करणारी सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केली. तिची रीत साधी, घरी जाऊन विचारपूस करायची. अशा भेटीत औषधाची चिठ्ठी, थकलेली शाळेची फी लगेच समजते. सरकारी अर्जात त्यांना रकाना नसतो.

'धर्म बदलला तरच' हा संशय मात्र हवेतून आलेला नाही. बासेल मिशन धारवाडात 1837 मध्ये आलं ते धर्मप्रसारासाठीच, आणि दुष्काळात ठिकठिकाणच्या मिशनांकडे माणसं वळली, त्यांतली काही ख्रिस्ती झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मिशनच्या शाळांत शिकलेली इथली बहुतेक घरं आजही आपापल्या देवघरासमोरच हात जोडतात, हेही तितकंच खरं.

मग सगळंच धर्मसंस्थांवर सोपवलं तर? याचं उत्तर याच जिल्ह्याने दिलंय. 1876-78 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातला धारवाड होरपळला. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले. त्याविरुद्ध मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला. मिशन असो वा शेठजींचं अन्नछत्र, जिल्ह्याच्या जिल्हा पोसणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. पुढे दुष्काळ आयोग बसला, दुष्काळ संहिता आल्या. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर धान्य हा हक्कच केला, ग्रामीण भागातल्या 75 आणि शहरातल्या 50 टक्क्यांपर्यंत लोकांसाठी. एवढा पसारा कुठल्याही दानपेटीला झेपणारा नाही.

राहिला चर्चला येणारा परदेशी पैसा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच उतरतो, दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासनावर त्यातला 20 टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. लहान चर्चची भिस्त असते रविवारच्या दानावर आणि सुगीच्या सणाच्या लिलावावर. तिथे एखादा भोपळा बाजारभावाच्या चौपट किमतीला जातो, आणि घेणारा तो पुन्हा लिलावात ठेवतो.