निजलेला बॉयलर

धडाडून चाललेल्या बॉयलरचें भय सर्वांनाच वाटतें. परंतु गिरणीचा काय किंवा जहाजाचा काय, बॉयलर पेटवितांना, विझवितांना आणि बंद ठेवितांना अधिक जपावा लागतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

२५ मे २००३ रोजीं अमेरिकेंतील मायामी बंदरांत ‘नॉर्वे’ या प्रवासी जहाजाचा बॉयलर फुटून आठ खलाशी मृत्युमुखीं पडले. चौकशींत आढळलेलीं कारणें एका दिवसाचीं नव्हतीं. पाण्यांतील प्राणवायूनें पोलादाला खळगे पाडले होते आणि वारंवार तापण्या-निवण्यानें त्यांतून भेगा वाढत गेल्या होत्या. जाड कांचेच्या पेल्यांत उकळता चहा ओतला कीं तो तडकतो. पोलादांत तेंच सावकाश घडतें.

म्हणून प्रथम भट्टींत हवा खेळवून सांचलेला ज्वालाग्राही वायु घालवावा, पाण्याची पातळी पाहावी आणि मग आंच हळूहळू वाढवावी. माथ्यावरील हवेची तोटी वाफ जोरानें येईपर्यंत उघडी असावी. विझवितांना दाब पार उतरत आला कीं तीच पुन्हा उघडावी. नाहींतर वाफ निवून आंत निर्वात पोकळी होते.

थोड्या दिवसांसाठीं बॉयलर प्राणवायु काढलेल्या अल्कलीयुक्त पाण्यानें कांठोकांठ भरून ठेवावा. दीर्घकाळासाठीं पूर्ण कोरडा करून, आंत चुनकळी ठेवून, घट्ट मिटावा. अर्धवट ओला बॉयलर उभ्याउभ्या गंजतो. तो गंज आंतील हवेचा प्राणवायुही खाऊन टाकतो. म्हणून मिटलेला बॉयलर उघडल्यावर वारा खेळवून हवा तपासल्यावांचून कोणीहि आंत उतरूं नये.