गाडीच्या आतला रंग : फिका की गडद?

बचत गटासाठी जुनी गाडी घेतली, तेव्हा सीटकव्हरच्या रंगावरून आम्ही अडलो. गडद रंगावर डाग दिसत नाहीत. पण तो ऊन शोषतो, मे महिन्यात सीटवर बसवत नाही. फिका रंग ऊन परतवतो, मात्र काळ्या मातीचे डाग लगेच उठून दिसतात. म्हणून आम्ही फिकी, काढून धुता येणारी कापडी कव्हरं घेतली आणि पायाखाली गडद रबरी मॅट टाकली. डॅशबोर्ड मात्र गडदच ठेवला. फिक्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही.

आणि एक विसरू नका : रंग कोणताही असो, उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच तापते. लेकराला आत ठेवून क्षणभरही उतरू नका.