शरीराची ऊब आणि संप्रेरके

एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांपैकी एकाने पंखा लावण्यास सांगावे आणि दुसऱ्याने शाल पांघरावी, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. भिंतीवरचा तापमापक मात्र दोघांनाही एकच आकडा दाखवीत असतो. अशा वेळी ज्याला इतरांहून निराळे वाटते त्याची तक्रार सहसा कोणी मनावर घेत नाही; मनाचे खेळ म्हणून ती बाजूला सारली जाते. संप्रेरकांचा, म्हणजेच हॉर्मोनांचा, उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या वाट्याला ही उपेक्षा विशेष करून येते. परंतु अशा तक्रारीला शरीरात खरेखुरे कारण असते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ती उपयोगाचीही असते, हे शरीरशास्त्राने दाखवून दिले आहे.

न्यूकॅसलची एक रुग्ण स्त्री

संप्रेरकांच्या उपचाराचा इतिहासच मुळी थंडीच्या एका तक्रारीशी निगडित आहे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉक्टर जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर नवाच उपचार सुरू केला. तिचा चेहरा सुजलेला होता, बोलणे मंदावले होते, परक्या माणसांसमोर येणे तिला नकोसे वाटे आणि थंडी तर मुळीच सोसवत नसे. मानेतील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, निकामी झाल्यामुळे हा विकार जडतो, असा तर्क तोवर पुढे आला होता. मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क काढून तो तिच्या त्वचेखाली टोचला. काही महिन्यांत सूज ओसरली, बोलण्यात जिवंतपणा आला आणि थंडीची बाधाही कमी झाली. पुढे हा अर्क पोटात घेऊनही गुण येतो असे आढळले. ती स्त्री आणखी २८ वर्षे जगली व १९१९ साली वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

या अर्कातील गुणकारी द्रव्य, थायरॉक्सिन, अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी १९१४ साली स्फटिकरूपात वेगळे केले. १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश मिळविले. आज अवटू ग्रंथीचे कार्य मंदावलेले असंख्य रुग्ण थायरॉक्सिनची लहानशी गोळी रोज घेतात.

या गोळीने ऊब कशी येते? आपले शरीर ही जणू अहोरात्र पेटलेली शेगडी आहे. अन्न हे तिचे इंधन. शेगडीच्या खालचे दार अधिक उघडले की वारा मिळून निखारे फुलतात, बंद केले की ते मंदावतात. अवटू संप्रेरक शरीरातील पेशींच्या बाबतीत या दाराचे काम करते. ते कमी पडले तर पेशी इंधन सावकाश जाळतात, उष्णता कमी निर्माण होते आणि माणूस ऐन उन्हाळ्यातही अंगावर पांघरूण घेऊ पाहतो. उलट गोळीची मात्रा गरजेपेक्षा अधिक झाली तर उकाडा सोसवत नाही, घाम फार येतो, छातीत धडधडते आणि हात कापतात. म्हणून थंडी किंवा उकाडा कितपत जाणवतो, हा डॉक्टरांचा प्रश्न केवळ औपचारिक नसतो. मात्रा योग्य आहे की नाही याचा तो एक सुगावा असतो.

मेंदूतील नियंत्रण

उष्णता किती निर्माण होते, हा प्रश्नाचा एक भाग झाला. ती किती राखावी आणि किती बाहेर टाकावी, हा दुसरा भाग. हे काम मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग पाहतो. त्वचेतील मज्जातंतू त्याला बाहेरच्या हवेची वार्ता देतात, तर आतील रक्ताची उष्णता तो स्वतःच पारखतो. शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे, असा त्याचा प्रयत्न असतो. तापमान एका वरच्या मर्यादेपलीकडे गेले की घाम सुटतो. खालच्या मर्यादेखाली उतरले की अंग कापू लागते. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात त्वचेतील रक्तवाहिन्यांच्या थोड्याशा आकुंचन-प्रसरणावर काम भागते.

लैंगिक संप्रेरके या मर्यादाच मागेपुढे सरकवितात. स्त्रीच्या मासिक चक्रात बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते, आणि शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर चढते. त्या दिवसांत घाम सुटण्याची मर्यादाही वर गेलेली असते. इस्ट्रोजेनचा परिणाम याच्या उलट असतो. त्याच्या प्रभावाखाली शरीर थोड्या कमी तापमानालाच उष्णता बाहेर टाकू लागते. तेव्हा ही संप्रेरके औषध म्हणून घेणाऱ्या व्यक्तीला ऋतू बदलल्यासारखे वाटावे, यात नवल नाही.

वाफा येतात म्हणजे काय होते

रजोनिवृत्तीच्या काळात पुष्कळ स्त्रियांच्या अंगातून एकाएकी वाफा येतात. छाती, मान व चेहरा तापतो, घाम फुटतो आणि काही मिनिटांनी उलट हुडहुडी भरते. या वयात अंडाशयाकडून मिळणारे इस्ट्रोजेन घटते. त्यामुळे वर सांगितलेला मधला पट्टा अतिशय अरुंद होतो, असे संशोधनात दिसून आले आहे. मग एखादा चहाचा पेला किंवा जाड चादर एवढ्यानेही वरची मर्यादा ओलांडली जाते. शरीर घाईघाईने उष्णता बाहेर फेकते, आणि ती गरजेपेक्षा अधिक गेल्यामुळे मागाहून थंडी वाजते.

अधोथॅलॅमसमधील काही मज्जापेशी रजोनिवृत्तीनंतर आकाराने मोठ्या होतात, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञ नेओमी रान्स यांना १९९० च्या सुमारास आढळले. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यामुळे या पेशी अधिक कार्यरत होतात आणि उष्णतेच्या नियंत्रणात ढवळाढवळ करतात. या पेशींचा संदेश अडविणारे फेझोलिनेटंट हे औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले. ते संप्रेरक नव्हे. मात्र ते घेताना यकृताची तपासणी करीत राहावे लागते. इस्ट्रोजेनचा उपचार घेतल्यास वाफांची संख्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटते. परंतु तो प्रत्येक स्त्रीला देता येत नाही.

हा त्रास केवळ स्त्रियांनाच होतो असेही नाही. अष्ठीला ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग पुरुष-संप्रेरकांच्या आधाराने वाढतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून या रोगात टेस्टोस्टेरॉन कमी करण्याचा उपचार रूढ आहे, आणि तो घेणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना अशाच वाफा येतात. बायकांचे दुखणे आपल्याला कसे झाले, या संकोचाने कित्येक पुरुष ते बोलून दाखवीत नाहीत. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनला विरोध करते, म्हणून त्यानेही वाफा येतात.

पारलिंगी व्यक्ती आपल्या लिंगओळखीला अनुरूप अशी संप्रेरके घेतात, तेव्हा त्यांच्या बाबतीतही हेच नियम लागू पडतात. टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू व रक्तातील हिमोग्लोबिन वाढते. विश्रांतीच्या वेळीही स्नायू उष्णता निर्माण करीत असल्यामुळे अधिक उबदार वाटणे स्वाभाविक ठरते. इस्ट्रोजेनमुळे स्नायू घटून त्वचेखालची चरबी वाढते. चरबी आतली ऊब आतच राखते, पण त्यामुळे कातडी मात्र थंड लागते.

रुग्णाने काय करावे

सर्वांत मोठा धोका वाफांचा किंवा थंडीचा नसून, त्यांना कंटाळून औषध परस्पर बंद करण्याचा आहे. टॅमॉक्सिफेन हे साधारणतः ५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घ्यावयाचे औषध आहे. ते मध्येच सोडले तर कर्करोग उलटण्याची भीती वाढते. वाफा थांबविण्यासाठी दुसरे औषधही आपल्याच मनाने घेऊ नये. कारण काही औषधे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात. थायरॉक्सिनची मात्रा बदलल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. तेव्हा आज थंडी वाजली म्हणून उद्या दोन गोळ्या घेणे हे अविचाराचे होय.

त्रास केव्हा होतो, किती वेळ टिकतो आणि त्यापूर्वी काय खाल्ले-प्यायले होते, हे एका वहीत टिपून ठेवावे. त्या वेळी तापमापकही लावून पाहावा. वाफ आली असता अंग तापल्यासारखे वाटते, पण ज्वर नसतो. प्रत्यक्ष ज्वर येत असेल, वजन घटत असेल, अथवा रात्री अंथरूण भिजण्याइतका घाम येत असेल, तर त्याचा दोष संप्रेरकांना देऊन स्वस्थ बसू नये. क्षयासारख्या रोगातही रात्री घाम येतो. म्हणून विनाविलंब तपासणी करून घ्यावी. एरवी एका जाड कपड्याऐवजी सहज काढता-घालता येतील असे दोन पातळ सुती कपडे वापरावेत. ज्यांना वाफा येतात त्यांनी मद्य आणि फार तिखट किंवा कढत पदार्थ सोसतील तेवढेच घ्यावेत.

घरच्या मंडळींचेही एक कर्तव्य आहे. थंडी वाजते असे कोणी सांगितले तर खिडकी लावावी, उकडते म्हटले तर पंखा सुरू करावा आणि त्याची वहीत नोंद झाली की नाही ते पाहावे. न्यूकॅसलच्या त्या स्त्रीला थंडी सोसवत नव्हती, हे डॉक्टर मरे यांनी थट्टेवारी नेले नाही. रोगाचे एक लक्षण म्हणून त्यांनी ते टिपून ठेवले. तीच दक्षता आजही प्रत्येक घरी घेण्यासारखी आहे.