विद्युत् रसायनशास्त्र व घन अवस्था विज्ञान : संशोधन व व्यवसाय

विद्युत् प्रवाह व रासायनिक विक्रिया यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास विद्युत् रसायनशास्त्रात करतात. घन पदार्थांची स्फटिकरचना, तीतील दोष व त्यांमुळे येणारे विद्युतीय, चुंबकीय आणि यांत्रिक गुणधर्म हा घन अवस्था विज्ञानाचा विषय होय. पहिल्या शास्त्राचा पाया व्होल्टा यांची घटमाला (१८००) व फॅराडे यांचे विद्युत् विच्छेदनाचे नियम यांनी घातला. दुसऱ्यास १९१२ नंतर क्ष-किरणांच्या विवर्तनामुळे आकार आला. विद्युत् रासायनिक विक्रिया बहुधा घन व द्रव यांच्या सीमेवर घडते. सीमेची घन बाजू कळल्याशिवाय ती विक्रिया पुरती उलगडत नाही, म्हणून ही दोन शास्त्रे पुढे एकत्र आली.

त्यांचे एकत्र येणे संशोधकांच्या संघटनांतही दिसते. अमेरिकेत १९०२ मध्ये फिलाडेल्फिया येथे विद्युत् रसायनशास्त्रज्ञांची संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांना धातूंचे विद्युत् शुद्धीकरण, मुलामा देणे व घटमाला यांत रस होता. १९४७ मध्ये ट्रँझिस्टरचा शोध लागल्यावर अर्धसंवाहकांवर काम करणारेही या संस्थेत आले, कारण सिलिकॉनचा पृष्ठभाग शुद्ध करणे, अम्लाने कोरणे व त्यावर ऑक्साइडाचा थर वाढविणे ही मुळात रसायनज्ञाचीच कामे होत. यूरोपात १९४९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेस १९७१ मध्ये ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ हे नाव मिळाले. या मिलाफाचे ठळक फळ म्हणजे लिथियम-आयन घटमाला. स्फटिकातील अणूंच्या थरांमध्ये लिथियम आयन शिरतात व बाहेर पडतात, या कल्पनेवर ती उभी आहे. तिच्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या क्षेत्राचे मुख्य केंद्र तमिळनाडूतील कारैकुडी येथे आहे. तेथील केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेची कोनशिला जवाहरलाल नेहरू यांनी २५ जुलै १९४८ रोजी बसविली व १९५३ मध्ये संस्था सुरू झाली. तिच्यासाठी अळगप्पा चेट्टियार यांनी भूमी व धन दिले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) घन अवस्था रसायनशास्त्राची परंपरा निर्माण झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (१९६२) रासायनिक व विद्युत् निक्षेपणाने पातळ पटले बनविण्याचे काम झाले. स्वस्त उपकरणांतही मूलभूत संशोधन होऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धातूंच्या संक्षारणाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला गेला.

प्रयोगशाळांची ही यादी वाचताना एक गोष्ट निसटते. ही शास्त्रे जेथे प्रत्यक्ष राबतात ती ठिकाणे बहुधा या यादीत नसतात. जालना हे त्यांपैकी एक. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व परभणी जिल्ह्यांचे भाग घेऊन हा जिल्हा बनविण्यात आला. बियाणे उद्योगाबरोबरच बांधकामाच्या पोलादी सळयांसाठी तो ओळखला जातो. येथील कारखान्यांत भंगार व स्पंज लोह प्रवर्तन भट्टीत सु. १,६०० से. तापमानास वितळवितात. भट्टीच्या वेटोळ्याला ५० हर्ट्‌झचा नेहमीचा प्रवाह थेट देत नाहीत. तो सिलिकॉनच्या थायरिस्टरांनी शेकडो हर्ट्‌झचा करून घेतात, म्हणजे भट्टी घन अवस्था विज्ञानाच्याच जोरावर चालते.

वितळलेल्या रसाचे बिलेट ओततात व रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया ओढतात. शेवटच्या रुळांतून निघालेली लालबुंद सळई जोरदार पाण्याच्या फवाऱ्यातून नेली की तिचा बाहेरचा थर एकदम थंड होऊन मार्टेन्साइट या कठीण रूपात बदलतो. गाभ्यातील उष्णता मागाहून बाहेर येऊन हा थर थोडा नरम करते. गाभा मात्र सावकाश निवून चिवट राहतो. एकाच सळईत कठीण कवच व लवचिक गाभा असा दुहेरी लाभ होतो [⟶ पोलाद].

या पद्धतीची मर्यादा भट्टीत आहे. सिलिकेच्या अम्लधर्मी अस्तराच्या प्रवर्तन भट्टीत फॉस्फरस व गंधक काढता येत नाहीत. भंगारातून जे आले ते सळईत उतरते. भारतीय मानक १७८६ नुसार एफई ५०० या प्रतीच्या सळईत यांपैकी प्रत्येकाचे प्रमाण ०·०५५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणून भंगाराची निवड व ओतण्यापूर्वी वर्णपटमापकाने घेतलेला नमुना यांवरच गुणवत्ता ठरते. हा नमुना तपासणारा रसायनज्ञ एखाद्या विद्वत्सभेचा सभासद असो वा नसो, तो या व्यवसायाचाच घटक आहे.

सळई काँक्रीटमध्ये गेल्यावर तिचे भवितव्य विद्युत् रसायनशास्त्राच्या हाती जाते. काँक्रीटमधील पाण्याचे पीएच मूल्य सु. १२·५ ते १३ असते व त्यात लोखंडावर ऑक्साइडाचे अत्यंत पातळ संरक्षक पटल बनते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आत मुरून क्षारता घटली किंवा क्लोराइड आयन पोहोचले की पटल फुटते. मग त्याच सळईवर एका जागी धनाग्र व दुसऱ्या जागी ऋणाग्र तयार होऊन घट चालू होतो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिल्यास सु. ९ किग्रॅ. लोखंड विरघळते. इमारतीतील प्रवाह अगदी अल्प असतात, पण दर चौ. सेंमी.स एक मायक्रोअँपिअर प्रवाहानेही पृष्ठभाग वर्षाला सु. ०·०१२ मिमी. झिजतो. नुकसान केवळ झिजेने होत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने काँक्रीटला तडे जाऊन ढलपे पडतात [⟶ गंजणे].

गंज दिसला की दोष सळईला देण्याची रीत आहे. बहुतेक वेळा कारण अपुरे कव्हर, सच्छिद्र काँक्रीट किंवा कालवलेले पाणी हे असते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईयुक्त काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिग्रॅ.हून अधिक नसावे. मराठवाड्यासारख्या टंचाईच्या प्रदेशात बांधकामाला विंधन विहिरीचे किंवा टँकरचे, मिळेल ते पाणी वापरले जाते. तेथे ही मर्यादा कागदावरच राहण्याचा संभव मोठा आहे. पाण्याचे साधे अनुमापन मात्र कोणत्याही महाविद्यालयात अल्प खर्चात होऊ शकते.

२०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालना येथे सुरू झाले. त्यामुळे रासायनिक अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण व भट्ट्या एकाच शहरात आल्या. दोहोंमध्ये देवाणघेवाण वाढण्यास सळयांच्या गंजण्यासारखा विषय सोयीचा आहे, कारण त्याची पहिली चाचणी महाग नाही. संपृक्त मोरचूद विद्रावात बुडविलेली तांब्याची कांडी हा एक अर्धघट असतो. सच्छिद्र टोकाचा हा अर्धघट ओल्या काँक्रीटवर टेकवून, उघड्या केलेल्या सळईला जोडलेल्या व्होल्टमापकावर वर्चस् वाचतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आले, तर तेथे संक्षारण चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. उणे २०० पेक्षा कमी ऋण असेल, तर ते नसण्याची शक्यता तितकीच. संक्षारणाचा वेग मात्र या वाचनावरून कळत नाही. त्यासाठी विद्युत् प्रवाह मोजणारी वेगळी उपकरणे लागतात.