बिनआरशाचा कॅमेरा : जुना की नवा?

"कॅमेरा घ्यायचाय" असं कॅन्टीनमध्ये नुसतं म्हणून बघा. दहा मिनिटांत दहा सल्ले मिळतात आणि त्यातले नऊ एकच असतात : "थोडं थांब, नवीन मॉडेल येतंय!" नवीन मॉडेल म्हणजे चांगले फोटो, हे समीकरण आपण इतकं सहज मान्य करतो की इंजिनिअरिंगला असूनही त्याचं प्रूफ कधी मागत नाही. या लेखात तेच मागायचं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे 'प्रकाशसंवेदक' वगैरे शब्दांची माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. मी सेन्सरला सेन्सर आणि लेन्सला लेन्सच म्हणणार!)

हा प्रश्न आत्ताच का? तर आमच्या फोटोग्राफी क्लबला यंदा जिमखान्याकडून बऱ्याच वर्षांनी पैसे मिळाले आहेत. परत कधी मिळतील, देव जाणे. क्लबमध्ये दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक म्हणते, एकच नवी कोरी बॉडी घ्या. दुसरी म्हणते, त्याच पैशात मागच्या पिढीच्या दोन सेकंडहँड बॉडी आणि चांगल्या लेन्स घ्या. फर्स्ट इयरची अर्धी मुलं "माझ्याकडे कॅमेरा नाही" म्हणून क्लबकडे फिरकतच नाहीत. त्यामुळे हा वाद नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही.

आरसा होता तेव्हा

आधी बेसिक. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि बटण दाबलं की उचलला जातो. या आरशाला हलायला जागा लागते. म्हणून लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर आहे, तर कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४.

मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. सेन्सरवर जे पडतं तेच सरळ छोट्या स्क्रीनवर दिसतं. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ ने मायक्रो फोर थर्ड्‌स ही सिस्टिम सुरू केली, आणि २०१३ मध्ये सोनीने ए७ काढला. लेन्स बदलता येणारे आणि ऑटोफोकस असलेले पहिले फुल फ्रेम मिररलेस म्हणजे ए७ आणि त्याचा जुळा भाऊ ए७आर. फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. तुलनेसाठी मी हीच ए७ ची फॅमिली घेते, कारण तिच्या पिढ्या ओळीने मांडता येतात.

चार पिढ्यांचं प्रगतिपुस्तक

ए७ (२०१३) : २४ मेगापिक्सेल, सेकंदाला ५ फोटो, फेज डिटेक्शनचे ११७ पॉइंट, वजन ४७४ ग्रॅम. बॅटरी मात्र एका चार्जमध्ये कंपनीच्याच हिशेबाने ३४० फोटो.

ए७ मार्क २ (२०१४) : परत २४ मेगापिक्सेल. नवं काय, तर सेन्सर स्वतःच पाच अक्षांवर हलून हाताची थरथर खोडून काढतो. वजन ५९९ ग्रॅम.

ए७ मार्क ३ (२०१८) : पुन्हा २४ च! पण फेज डिटेक्शनचे ६९३ पॉइंट, सेकंदाला १० फोटो, दोन मेमरी कार्ड, फोर-के व्हिडिओ आणि बॅटरी थेट ७१० फोटोंची.

ए७ मार्क ४ (२०२१) : ३३ मेगापिक्सेल, ७५९ पॉइंट आणि माणसाबरोबर प्राणी-पक्ष्यांचेही डोळे शोधणारा ऑटोफोकस.

२४ वरून ३३ म्हणजे मोठीच उडी वाटते, नाही का? पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. रुंदीत ते ६००० पिक्सेलवरून ७००८ वर जातं, म्हणजे जेमतेम १७ टक्के वाढ. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं धरलं, तर २४ मेगापिक्सेलचा फोटो २० इंच रुंद छापता येतो. आपलं एक्झिबिशन ए३ कागदावर लागतं, त्याची लांब बाजू साडेसोळा इंच. म्हणजे २०१३ चा कॅमेरासुद्धा आपल्या भिंतीला पुरून उरतो.

फोटॉन काही मॉडेल बघून येत नाहीत

"पण कमी उजेडात जुन्याचे फोटो दाणेदार येतात त्याचं काय?" हा पुढचा प्रश्न. इथे थोडं फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवावं लागेल.

प्रकाश फोटॉनच्या स्वरूपात येतो, आणि पावसाच्या थेंबांसारखा, म्हणजे एकसारखा नाही. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर प्रत्यक्षात साधारण १० कमी-जास्त पडतात. ही गडबड म्हणजे सरासरीचं वर्गमूळ. १०० मध्ये १० म्हणजे दहा टक्के नॉइज. हेच १०,००० फोटॉन असतील तर गडबड १०० ची, म्हणजे फक्त एक टक्का. फोटोतले दाणे मुख्यतः इथून येतात. त्यात कंपनीचा दोष नाही, निसर्गाचाच नियम तसा आहे.

आता सेन्सर काय करू शकतो? पडलेल्या फोटॉनपैकी जास्तीत जास्त पकडू शकतो. दहा वर्षांपूर्वीचे चांगले सेन्सरही हिरव्या प्रकाशातले निम्म्याच्या आसपास फोटॉन पकडत होते. शंभर टक्क्यांच्या वर तर कुणीच जाऊ शकत नाही. म्हणजे उरलेली सुधारणा फार तर दुप्पट, आणि वर्गमूळाच्या हिशेबाने सिग्नल टू नॉइज रेशो वाढणार फक्त १.४ पट. मार्क ३ मध्ये पिक्सेलच्या वायरिंगचा थर प्रकाशाच्या वाटेतून काढून मागे नेला, त्याने फरक पडला. अगदी काळोख्या भागात इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची जी नॉइज असते, तीही नव्या पिढीत कमी झाली. पण छत ठरलेलं आहे, आणि आपण त्याच्या बरेच जवळ पोचलो आहोत.

याउलट लेन्स बघा. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते. साधी ५० एमएमची एफ १.८ लेन्स लावली तर ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण साडेनऊपट प्रकाश! वर्गमूळ काढलं तर नॉइजच्या हिशेबात तिप्पट फायदा. चार पिढ्यांच्या बॉडी मिळून जे देऊ शकत नाहीत, ते एक छोटी लेन्स देते. क्यू.ई.डी.!

मग नव्यात वाढलं काय?

वाढला तो वेग. आणि तो खरा आहे, उगीच नाकारण्यात अर्थ नाही.

फोकस करायच्या दोन पद्धती असतात. काँट्रास्ट पद्धतीत कॅमेरा लेन्स पुढे-मागे करून "आता जास्त स्पष्ट दिसतंय का?" असं चाचपडत जातो. फेज डिटेक्शनमध्ये लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची, हे आधीच कळतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर एररची किंमतही कळते आणि चिन्हही. असे पॉइंट ११७ वरून ६९३ झाले आणि प्रोसेसरही तगडा झाला, तर बास्केटबॉल घेऊन अंगावर धावत येणारा प्लेअर फोकसमध्ये राहतो. पहिल्या ए७ वर तो बहुतेक वेळा निसटणार.

दुसरी गोष्ट, सेन्सर वाचण्याचा वेग. बहुतेक सेन्सर ओळीमागून ओळ वाचले जातात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणांची असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ मार्क ३ मध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी थांबतात आणि सेकंदाला १२० फोटो निघतात. पण त्यासाठी प्रत्येक पिक्सेलमध्ये साठवणीला जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याचा बेस आयएसओ १०० ऐवजी २५० आहे. म्हणजे भरपूर उजेडात तो कमी प्रकाश साठवतो. आणि मेगापिक्सेल? २०१३ मध्ये २४, इथेही २४! इंजिनिअरिंगमध्ये फुकट काहीच मिळत नाही, ते असं.

जुन्याची खरी गंमत

आता सुरुवातीची ती अंतरं आठवा. सोनीच्या ई माउंटमध्ये लेन्स ते सेन्सर अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. निकॉनच्या जुन्या लेन्सला ४६.५ हवेत. वजाबाकी करा : २८.५ मिलिमीटर. तेवढ्या लांबीची पोकळ धातूची नळी, म्हणजे ॲडॅप्टर, मध्ये लावला की झालं! त्यात काच नाही, सर्किट नाही. लेथवर बसून आपल्या वर्कशॉपमध्येही विचार करता येईल अशी वस्तू.

माझ्या मामाकडे फिल्मच्या काळातली निकॉनची ५० एमएम लेन्स कपाटात पडून होती. क्लबमधल्या सिनियरच्या ए७ वर ती अशीच बसवली. फोकस हाताने करावा लागतो, पण स्पष्ट दिसणाऱ्या कडा स्क्रीनवर रंगीत होतात, त्यामुळे अंदाज चुकत नाही. मामाने त्या लेन्समधून पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं आणि लगेच म्हणाला, "अगं, ही तर अजून जिवंत आहे!" मिररलेसच्या जुन्या पिढ्या लोक का सोडत नाहीत, याचं मला वाटतं हे एक मोठं कारण आहे. त्या सगळ्यांना सामावून घेतात.

सेकंडहँड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर नमस्कार करून परत द्या. लेन्स एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसेल. पहिल्या दोन पिढ्या घेतल्या तर जास्तीच्या दोन बॅटऱ्या धराच. आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर त्या दोन पिढ्या नकोतच. त्यांच्यात एकच कार्ड लागतं, आणि कार्ड गेलं तर सप्तपदी परत घालायला कुणी सांगणार?

थोडक्यात काय?

पिढी निवडताना एकच प्रश्न विचारा : मला ज्याचे फोटो काढायचेत ते हलतं का? किल्ले, पोर्ट्रेट, गल्लीबोळ, प्रोजेक्टची मॉडेल्स असतील तर पहिल्या दोन पिढ्यांपैकी एक बॉडी आणि उरलेल्या पैशात लेन्स. मॅच, डान्स, पक्षी असतील तर मार्क ३ किंवा त्याच्या पुढचं.

क्लबच्या मीटिंगमध्ये माझं मत असं असणार आहे : गॅदरिंग आणि स्पोर्ट्‌ससाठी एक सेकंडहँड मार्क ३, शिकण्यासाठी एक मार्क २, आणि दोन्हीसाठी मिळून दोन एफ १.८ लेन्स. एका नव्या बॉडीने एका वेळी एकच जण फोटो काढेल. या हिशेबात दोघं काढतील, आणि त्यातला दुसरा कॅमेरा फर्स्ट इयरच्या हातात असेल. ज्यांना पटत नसेल त्यांनी गुरुवारी साडेचारला क्लबरूममध्ये यावं, पण आकडे घेऊन!