बोथट सुरीचा जमाखर्च

घरखर्चाचा विचार करताना आपण गॅस, दूध, किराणा, विजेचे बिल आणि मुलांच्या शाळेची फी यांचा हिशेब मांडतो. ओट्यावर पडलेल्या सुरीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ती दहा-वीस रुपयांची वस्तू, तिचा हिशेब तो काय मांडायचा, असे आपल्याला वाटते. परंतु तीच वस्तू रोज दोन वेळा हातात येते आणि तिच्या बोथटपणाची किंमत घरातील बाई रोज आपल्या मनगटाने, वेळेने आणि कधी कधी बोटाने चुकती करते.

आम्ही पेशाने कारकून. नोकरी सांभाळून वस्तीत थोडेफार सामाजिक काम करतो. त्या निमित्ताने बचत गटाच्या बैठकांना जाणे-येणे असते. तेथे बसलेल्या भगिनींच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या आणि चिकटपट्ट्या आम्ही नेहमी पाहतो. त्यांपैकी एक ताई खानावळीत भाजी चिरण्याच्या कामाला जातात. लाल भोपळा कापताना बोथट सुरी सालीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या बोटात रुतली. टाके घालावे लागले. औषधपाण्याचा खर्च झालाच, शिवाय जखम भरेपर्यंतचा रोज बुडाला. रोजंदारीच्या कामात आजारपणाची रजा नसते. धारेचा प्रश्न हा असा पोटाशी येऊन भिडतो, म्हणून हा लेख.

बोथट पाते अधिक घातक

धारदार सुरी घरात नको, मुलेबाळे आहेत, हात कापेल, असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. ही समजूत उलटी आहे. धारदार पाते थोड्याशा दाबाने आत शिरते आणि आपण नेऊ तिकडे जाते. बोथट पात्याला जोर लावावा लागतो. जोर लावलेली सुरी टोमॅटोच्या किंवा भोपळ्याच्या सालीवरून सटकली की तोच जोर बोटावर येतो. शिवाय धारदार पात्याची जखम सरळ असते, तर बोथट पात्याची फाटल्यासारखी, वेडीवाकडी. मुलांच्या हाती सुरी लागू नये हे खरेच; पण त्यासाठी ती उंच ठेवावी, बोथट ठेवू नये.

कांद्याचेही तसेच आहे. कांदा चिरताना त्याच्या पेशी फुटतात आणि डोळे झोंबवणारे द्रव्य बाहेर पडते. बोथट सुरी कांदा कापण्याऐवजी चेंगरते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 साली कांदा कापतानाचे अतिवेगवान चित्रीकरण करून दाखवले की, पाते बोथट असेल आणि झपाट्याने कापले तर रसाचे तुषार अधिक प्रमाणात व अधिक जोराने उडतात. म्हणजे धारदार सुरीने सावकाश कांदा चिरणे हाच डोळ्यांतील पाण्यावरचा सोपा उपाय. कोथिंबीर बोथट सुरीने कापली की काळी पडते आणि टोमॅटोचा रस ओट्यावर सांडतो, हा तर प्रत्येकीचा अनुभव आहे.

आता आमच्या पेशाप्रमाणे आकडे मांडू. बोथट सुरीमुळे रोज फक्त पाच मिनिटे जास्त जातात असे धरू. वर्षाची झाली 1825 मिनिटे, म्हणजे तीस तास पंचवीस मिनिटे. उलट दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटे धार लावली तर वर्षात 26 वेळा, म्हणजे 260 मिनिटे. चार तास वीस मिनिटे. शिल्लक सव्वीस तासांहून अधिक! पहाटे उठून दोन डबे भरून कामावर जाणाऱ्या बाईला ही शिल्लक लहान नाही.

धार जाते कुठे?

पोलाद झिजते ते भाजीमुळे कमी आणि आपल्या सवयींमुळे जास्त. सुरी कडाप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात, काचेच्या बशीत चालवली की प्रत्येक फटक्याला धार दुमडते. लाकडी पाट किंवा प्लास्टिकचा फळा वापरावा. चिरलेली भाजी फळ्यावरून लोटताना आपण पात्याची धारच घासतो. तेथे सुरी उलटी करून पाठीने लोटावी. भांड्यांच्या ढिगात सुरी मोरीत टाकली तर धारही जाते आणि घासणारीचा हातही कापतो.

लिंबू, चिंच, टोमॅटो, कैरी यांचा आंबट रस पात्यावर वाळू देऊ नये. विळीचे पाते बहुधा साध्या लोखंडाचे किंवा पोलादाचे असते, ते लगेच गंजते. धुऊन, कोरडे पुसून त्यावर गोड्या तेलाचे बोट फिरवावे. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. मात्र न गंजणे म्हणजे बोथट न होणे नव्हे. स्टीलच्या सुरीलाही धार लावावी लागतेच.

दगड कोणता घ्यावा?

आपल्या आज्या पाट्याच्या कडेवर किंवा निसण्यावर विळी घासत. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी चकाकी नसलेली जी खरखरीत कड असते, तिच्यावर सुरी घासणाऱ्याही पुष्कळ आहेत. ही युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण ती भाजलेली माती पोलादाहून कठीण असते. अडल्या वेळी कप चालतो, पण नेहमीसाठी दगड घ्यावा.

हार्डवेअरच्या दुकानात ‘धार लावायचा दगड’ म्हणून मागितला की कार्बोरंडमचा आयताकृती दगड मिळतो. साधा दगड साधारण दोनशे-अडीचशे रुपयांच्या आत बसतो आणि घरवापरात वर्षानुवर्षे टिकतो. दोन बाजूंचा घ्यावा, एक बाजू जाड रव्याची व दुसरी बारीक रव्याची. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग. अमेरिकेतील एडवर्ड अॅचेसन यांनी ते 1891 साली विजेच्या भट्टीत तयार केले. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा दहा मानला तर हे नऊच्या वर आणि सुरीचे पोलाद सहाच्या आसपास बसते. म्हणून ते पोलादाला सहज घासते.

धार लावण्याची रीत

एक : दगड दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा. बुडबुडे थांबले की तो तयार झाला. दगडाला एकदा तेल लावले की मग तेलच वापरावे. पाणी आणि तेल यांची अदलाबदल करू नये. ओल्या फडक्यावर दगड ठेवावा म्हणजे तो सरकत नाही.

दोन : पाते दगडावर आडवे झोपवू नये आणि उभेही धरू नये. कोन साधारण वीस अंशांचा हवा. तो मोजायला कोनमापक नको. कागदाचा काटकोनी कोपरा घ्यावा, त्याच्या दोन कडा जुळवून घडी घालावी, की पंचेचाळीस अंश झाले. पुन्हा तशीच घडी घातली की साडेबावीस. पाते त्याहून किंचित खाली झुकवावे. कोन थोडा चुकला तरी बिघडत नाही. पण प्रत्येक वेळी तोच राहिला पाहिजे. सगळे कसब एवढ्यातच आहे.

तीन : जाड बाजूवर मुठीपासून टोकापर्यंत पाते हलक्या दाबाने एकाच अंगाने फिरवावे. दगड पाण्याने ओला ठेवावा. थोड्या वेळाने दुसऱ्या अंगाला पोलादाची अगदी बारीक कड वळून येते. पाठीकडून धारेकडे बोट अलगद सरकवून बाहेर काढले तर ती खरखर जाणवते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत लागली म्हणजे त्या अंगाचे काम झाले. मग सुरी उलटून दुसरे अंग तसेच करावे. ही कड येण्यापूर्वीच हात थांबला तर कितीही घासले तरी धार येत नाही. बहुतेकांचा दगड फुकट जातो तो येथे.

चार : दगड उलटून बारीक बाजूवर हेच करावे, दाब आणखी कमी. शेवटी एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, असे आठ-दहा वेळा. वळलेली कड गळून पडते.

पाच : जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर सुरी पाठीकडच्या दिशेने पाच-सहा वेळा ओढावी. न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढतो आणि चामड्याचे काम करणारे कारागीर रापी चामड्यावर परजतात, ते याचसाठी. हे हातचे शास्त्र आपल्या कष्टकरी घरांत पिढ्यान्पिढ्या होते. ते कुठल्या पुस्तकात लिहिले गेले नाही एवढेच.

धार पाहायची ती जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर. कागद सरळ कापला गेला तर काम फत्ते. अंगठ्यावर पाहू नये. शनिवारी लोखंडाला हात लावू नये, अमावास्येला धार लावू नये, असल्या गोष्टींकडे लक्ष देऊ नये. पोलादाला वार कळत नाही. सुट्टी असेल तो वार चांगला.

विळीसाठी रीत थोडी वेगळी. येथे पाते स्थिर आणि दगड फिरता. विळीचा पाट पायाखाली नेहमीप्रमाणे घट्ट दाबावा, लहान दगड ओला करून पात्याच्या वळणाबरोबर बुडाकडून टोकाकडे फिरवावा. दगड धरणारी बोटे त्याच्या कडेबाहेर येता कामा नयेत. आधी पाते उजेडात धरून उतार दोन्ही अंगांना आहे की एकाच, ते पाहावे. एकाच अंगाला असेल तर घासायचे ते तेच अंग. दुसऱ्या अंगाची वळलेली कड दगड सपाट टेकवून फक्त काढून टाकायची. दातेरी सुरी मात्र सपाट दगडावर घासू नये, दाते जातात.

शिकलगाराला विसरू नका

सायकल स्टँडवर लावून, पायडल मारीत चाक फिरवणारा धारवाला अजूनही काही वस्त्यांतून येतो. घासून चकाकी आणणे या अर्थाच्या अरबी-फारसी ‘सैकल’ शब्दावरून ‘शिकलगार’ हे नाव आले. एकेकाळी तलवारी लखलखीत करणारे हे कारागीर आज आपल्या सुऱ्या-कात्र्यांवर पोट भरतात. घरी रोजची धार आपण राखली तरी दात पडलेली विळी, शिंप्याची कात्री, पार गोल झालेला सुरा ही त्यांचीच कामे. त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. एक मात्र पाहावे : चाकावर पाते फार तापून निळे पडले तर त्याचे पाणी उतरते, म्हणजे पोलाद मऊ होते व धार टिकत नाही. मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. चांगला कारागीर ते न सांगताच करतो.

काही खबरदारी

धार लावल्यावर घरातील सर्वांना तसे सांगावे. सुरी देताना मूठ समोर करावी. हातातून निसटलेली सुरी झेलायला जाऊ नये, मागे सरावे. ड्रॉवरमध्ये ठेवायची तर जाड पुठ्ठ्याची म्यान करावी. तरीही कापलेच, तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, कॉफीची पूड भरू नये. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर तडक दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

शेवटी बंधूंना दोन शब्द. भाजी चिरते ती बाई, म्हणून धारही तिनेच लावावी असा नियम नाही. आपण दाढीचे पाते वेळच्या वेळी बदलतो. घरातील सुरी मात्र वर्षभर बोथट पडून राहते आणि ती वापरणारी तक्रारही करत नाही. पंधरा दिवसांतील एका सुट्टीची दहा मिनिटे पुरुषाने या कामाला द्यावीत, शेजारी जाणत्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही बसवून शिकवावे. बचत गटांनी एक दगड सामाईक घेतला तरी चाळीतील दहा घरे भागतील. जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम दिसणार नाही. घरच्या बाईच्या हाताला मात्र ती रोज कळेल.