अक्षरांचे पत्ते व इंग्रजी शब्दलेखन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत सन २००० पासून इंग्रजी विषयाचा आरंभ पहिलीत होतो. तत्पूर्वी तो पाचवीत होत असे. तथापि ‘सी-ए-टी कॅट’ ही घोकंपट्टी पुष्कळ ठिकाणी कायम आहे. मुलास ओळ पाठ होते. परंतु ‘कॅप’ लिहावयास सांगताच लेखणी अडते. मराठीत ‘क’ या अक्षराचे नाव व उच्चार एकच आहे. इंग्रजीत मात्र अक्षराचे नाव ‘सी’ आणि येथे त्याचा उच्चार ‘क्’. हा भेद घोकून उमगत नाही. अक्षरे हाताने हलविल्याने उमगतो.

यासाठी जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे लहान चौकोन कापून त्यांवर लहान लिपीत अक्षरे लिहावीत. मराठी अक्षराची वरची बाजू शिरोरेषेमुळे ओळखता येते. इंग्रजी पत्ता उलटा फिरला तर ‘एन’चा ‘यू’ व ‘डी’चा ‘पी’ होतो. म्हणून प्रत्येक पत्त्याच्या तळाशी रेघ ओढावी.

सर्व अक्षरे समसंख्य नसावीत. ‘स्क्रॅबल’ या खेळाचे जनक, अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून सोंगट्यांचे प्रमाण ठरविले. त्या इंग्रजी खेळातील १०० सोंगट्यांत ‘ई’ १२, ‘ए’ व ‘आय’ प्रत्येकी ९, तर ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकच आहेत. वर्गातही स्वरांचे पत्ते अधिक ठेवावेत.

आरंभ मुलांच्या तोंडच्या शब्दांनी करावा. पैठण, कन्नड, सिल्लोड तालुक्यांतील खेड्यांतही बस, कप, पेन, पंप हे शब्द घरोघरी आहेत. चार-चार मुलांचे गट करावेत. शिक्षकांनी ‘पेन’ हा शब्द सावकाश उच्चारावा. मुलांनी तीन ध्वनी ओळखून तीन पत्ते मांडावेत. नंतर केवळ पहिला पत्ता बदलून टेन, मेन, हेन, आणि केवळ मधला बदलून पिन, पॅन हे शब्द करवून घ्यावेत. प्रत्येक शब्दाचा अर्थ वस्तू किंवा चित्र दाखवून सांगावा. एरव्ही खेळ पोकळ ठरेल. शेवटी शब्द वहीत लिहवून घ्यावेत. ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे उच्चारास सोडून लिहिले जाणारे शब्द निराळे शिकवावेत.

हुशार मूलच सर्व पत्ते मांडू लागते. यास्तव पाळी नेमून द्यावी. वहीतील चुकीवर लाल शाई उमटते, पत्ता मात्र मुकाट्याने सरकविता येतो. चुकण्याच्या भीतीने गप्प बसणारे शेवटच्या रांगेतील मूल यामुळेच हात पुढे करते. या साधनाचे खरे मोल तेथे आहे.